८० मीटरसाठी इन्व्हर्टेड एल: निवड, उभारणी आणि रेडियलची रड

८० मीटरवर, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर, कुठली अँटेना लावू, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: बोलायचंय कोणाशी? तीन-चारशे किलोमीटरच्या आतल्या मंडळींशी गप्पा मारायच्या असतील तर साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन्ही बाजूंना जाणारी तार) इन्व्हर्टेड व्हीसारखा, म्हणजे मध्य वर आणि टोकं उतरती, १० मीटरवर टांगा आणि पुढचं वाचूच नका. ही उंची तरंगलांबीच्या जेमतेम आठवा हिस्सा. तिथून डायपोल बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर फेकतो आणि ती परतून आसपासच्या टापूतच उतरते. लांबच्या स्टेशनांसाठी लहरी क्षितिजालगत निघायला हव्यात. त्यासाठी डायपोल ४० मीटरच्या आसपास उंच हवा. "जमेल तेवढा उंच लावा" म्हणणाऱ्यांनी एकदा तेरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणावी.

एवढी उंची नाही, पण एक चांगलं झाड किंवा १२ मीटरचा खांब आहे, तर इन्व्हर्टेड एल. तार खालून सरळ वर जाते, टोकाशी वळून आडवी होते. पाव तरंगलांबीचा हिशेब सोपा: ७१.५ भागिले मेगाहर्ट्झ. ३.६ साठी जवळपास २० मीटर, म्हणजे १२ उभी, ८ आडवी. कापताना २१ घ्या, जादाची तार दुमडून ठेवा. आडवा भाग थोडा उतरता गेला तरी चालतो, मात्र त्याचं टोक कोणाच्या हाताला लागता कामा नये; प्रसारण चालू असताना तिथे भाजण्याइतकं व्होल्टेज असतं. विजेच्या तारांपासून इतकं लांब राहा, की खांब किंवा तार कशीही कोसळली तरी तिथवर पोचणार नाही.

तार चढवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. दोरी उन्हाला टिकणारी घ्या, ताण किंचित सैल ठेवा, झाडं हलतात.

आता रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुंध्यापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या तारा. इथे माझा एक अख्खा हिवाळा गेला.

या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन, आणि माती ही वाईट वाहक आहे. फीडपॉइंटशी (केबल अँटेनाला जोडते त्या जागी) अर्थिंगचा रॉड ठोकला की काम झालं, हा सल्ला मीही पाळला होता. रॉड विजेपासूनच्या सुरक्षिततेसाठी हवाच, पण रेडिओच्या प्रवाहाला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. मग मी चार आखूड तारा पसरल्या, मीटर लावला, आणि एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ दाखवणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) आला १.१. मी खूश. लांबचं कोणी उत्तर देईना, तर दोष हवामानाला दिला. पुढे आणखी बारा तारा पसरल्या तर एसडब्ल्यूआर १.५ झाला, आणि मी शहाण्याने त्या बाराही तारा गुंडाळून परत ठेवल्या!

चूक कुठे झाली ते आकड्यांत बघा. सरळ उभ्या पाव-तरंग अँटेनाचा स्वतःचा रोध ३६ ओहम. १२ मीटर उंचीच्या एलचा त्याहून कमी, साधारण २५. फीडपॉइंटवर ५० ओहम दिसतात (केबलही ५० चीच, म्हणून मेळ छान), म्हणजे उरलेले २५ मातीचे. १०० वॉटमधले ५० वॉट गांडुळांना ऊब देण्यात जातात आणि मीटर "उत्तम" म्हणतो. रेडियल वाढले की मातीचा हिस्सा घटतो, एकूण रोध ३३ वर येतो, एसडब्ल्यूआर बिघडतो आणि अँटेना सुधारते. फायदा दोनेक डेसिबलचा. ऐकणाऱ्याच्या मीटरचा काटा जेमतेम हलेल, पण गोंगाटाच्या काठावर असलेल्या सिग्नलचं नशीब तेवढ्यावरच ठरतं.

म्हणून इथे एसडब्ल्यूआर बघू नका, रोध बघा. ॲनालायझर (रोध मोजणारं उपकरण) थेट फीडपॉइंटवर लावा. कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या, रेडिओकडच्या टोकाला मोजाल तर आकडा फसवा येतो. चार-चार रेडियल वाढवत जा. प्रत्येक वेळी तारेची लांबी किंचित बदलून अनुनाद (अँटेना ज्या वारंवारतेला जुळते ती) परत ३.६ वर आणा आणि रोध टिपून ठेवा. चार नव्या रेडियलनंतर एक ओहमही उतरला नाही, की थांबा.

किती, आणि केवढे लांब? ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ साली ११३ रेडियलपर्यंत मोजमापं केली होती, आणि प्रसारण केंद्रं १२० घालतात. आपल्याला तेवढे नकोत. १६० मीटर तार हाताशी असेल तर २० मीटरचे आठ नकोत, १० मीटरचे सोळा करा. मातीतला प्रवाह बुंध्याजवळच सर्वांत दाट असतो, तिथेच तारा गर्दीने हव्यात. जमिनीवर पसरलेल्या रेडियलची लांबी मोजूनमापून कापायची गरज नसते, आवरण असलं-नसलं तरी फरक पडत नाही, आणि कुंपण आडवं आलं तर तार वळवा. पुरूही नका. वाकवलेल्या तारेच्या चिमट्यांनी गवतात दाबून ठेवा, काही महिन्यांत गवत त्यांना गिळतं. सगळी टोकं स्टेनलेस पट्टीवर नट-बोल्टने आवळा. मातीत निव्वळ डाखावर भरवसा ठेवू नका, तो कुजतो.

चोक (कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) फीडपॉइंटलाच: मोठ्या ३१ क्रमांकाच्या फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे. तो नसेल तर कोॲक्सचं बाहेरचं आवरणच आगंतुक रेडियल बनतं आणि वरचे सगळे आकडे खोटे पडतात.

उरलेल्या १.५ एसडब्ल्यूआरसाठी डोकं शिणवू नका. ३.६ वर कोॲक्समधला जादा ऱ्हास नगण्य असतो, रेडिओतला ट्यूनर (मेळ बसवणारं सर्किट) पुरतो. वादळ येण्याआधीच कोॲक्स सोडवून घराबाहेर ठेवा.

आणि ही अँटेना गोंगाट भरपूर ऐकते. तुमचं सगळीकडे पोचतंय पण तुम्हाला समोरचा ऐकू येत नाही, अशी वेळ आली तर एलला हात लावू नका; ऐकण्यापुरती एक लहान लूप (तारेच्या कड्याची अँटेना) तिच्यापासून आणि घरापासून लांब उभी करा, आणि गोंगाट सर्वांत कमी येईल अशा दिशेला फिरवा.