तेल पचवणाऱ्या जीवाणूंचा समुदाय जुळवताना

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे वाहून येतात. समुद्रात सांडलेल्या तेलापासून वारा, ऊन आणि लाटांनी घडवलेले हे गोळे गोळा करण्यापासूनच माझ्या पीएचडीची सुरुवात झाली. तेल पचवणाऱ्या जीवाणूंचा समुदाय प्रयोगशाळेत जुळवणे, हे माझे काम होते.

पहिल्या वर्षी मी सर्वांत वेगाने वाढणारे पाच स्ट्रेन (जीवाणूंचे वेगवेगळे वाण) निवडून एकाच फ्लास्कमध्ये घातले. दहा दिवसांनी त्यांतला एकच उरला होता. एकटा असताना उत्तम वाढणारा जीवाणू इतरांच्या सोबतीने तसाच वागेल, हे माझे गृहीतकच चुकीचे होते. अल्कानिव्होरॅक्स हा जीवाणू मुख्यतः अल्केन (तेलातील साधी, साखळीसारखी हायड्रोकार्बन) खातो, सायक्लोक्लास्टिकस हा दुसरा जीवाणू अनेक वलयांची ‘सुगंधी’ (अॅरोमॅटिक) हायड्रोकार्बन पचवतो आणि त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या अर्धवट पदार्थांवर आणखी कोणी जगते. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांनी आधी कोण काय खातो आणि काय सोडतो याचा तक्ता मांडावा, स्ट्रेनची निवड त्यानंतर करावी.

नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा विचार तर त्याहूनही आधी व्हायला हवा. तेलात कार्बन भरपूर असतो, पण ही दोन पोषकद्रव्ये समुद्राच्या पाण्यातूनच मिळवावी लागतात आणि तिथे ती बहुधा अपुरी पडतात. १९८९ साली एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल पसरले, तेव्हा खत टाकल्याने तिथल्याच जीवाणूंचे काम वेगाने होऊ लागले. शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या, तेल खाणाऱ्या स्यूडोमोनास या जीवाणूला १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटयोग्य ठरवले, हा इतिहास प्रत्येकाने वाचावाच. मात्र बाहेरून आणलेल्या जीवाणूला स्थानिक जीवाणूंशी आणि जीवाणू खाणाऱ्या प्रोटोझोआंशी (एकपेशीय सूक्ष्मजीवांशी) झुंजावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. समुदायाची रचना करणे म्हणजे बऱ्याच अंशी तिथे आधीच असलेल्यांना अनुकूल परिस्थिती देणे होय, असे माझे मत झाले आहे.

तेलातील हलके घटक आपोआप उडून जातात. तुलनेसाठी मृत जीवाणूंचा नियंत्रण (कंट्रोल) फ्लास्क न ठेवता मी सहा महिने ही घट जीवाणूंच्या खात्यावर जमा करत होतो, आणि ती सारी मोजमापे मला पुन्हा करावी लागली. किनाऱ्यावरून नमुना आणताना गोळ्यासोबत तिथले पाणीही आणावे, तापमान आणि क्षारता जागेवरच नोंदवावी. पावसाळ्यात नदीमुखाजवळची क्षारता इतकी उतरते की मे महिन्यात जुळवलेला समुदाय जुलैत तसाच टिकेल, असे मानता येत नाही.