जीआरईचं गणित: तुलनेचे प्रश्न कसे सोडवावेत

जीआरई म्हणजे परदेशात मास्टर्स किंवा पीएचडीच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्या गणितात कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि थोडं संख्याशास्त्र, एवढंच. म्हणून दादरपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक सीनिअर सांगतो, 'इंजिनीअरिंग केलंय ना, मग क्वांटला (म्हणजे गणिताच्या भागाला) काय अभ्यास करायचाय?' हे ऐकू नका. इंजिनीअरिंगच्या गणिताचा एम-थ्री हा पेपर पहिल्या फटक्यात सुटलेली कितीतरी मुलं याच भागात गुण घालवताना मी पाहिली आहेत.

आधी वेळेचा हिशेब. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आखूड झाली. गणिताच्या पहिल्या विभागात 12 प्रश्नांना 21 मिनिटं, दुसऱ्यात 15 प्रश्नांना 26 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं. पहिला विभाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्यात निष्काळजी चुका नकोत. निगेटिव्ह मार्किंग नाही. जेईईमुळे प्रश्न सोडून द्यायची सवय लागली असेल तर ती मोडा, एकही उत्तर कोरं ठेवू नका. अडलात तर खूण करून पुढे जा. त्या विभागाची वेळ संपेपर्यंत परत येता येतं.

टक्केवारी, गुणोत्तर, क्षेत्रफळाची सूत्रं तुमची तुम्ही उजळून घ्या.

आता खरी अडचण: क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन, म्हणजे क्यूसी. दोन राशी देतात, ए आणि बी. पर्याय नेहमी तेच चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, किंवा सांगता येत नाही. पहिल्या सराव चाचणीत माझे निम्म्याहून जास्त क्यूसी चुकले. कारण साधं होतं. विद्यापीठाच्या पेपरात स्टेप मार्क्स मिळतात, म्हणून मी प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवत बसायचे. इथे उत्तर काढायचंच नसतं. कोण मोठं, एवढंच ठरवायचं असतं.

एक उदाहरण घ्या. एक्स 3 पेक्षा लहान आहे आणि शून्य नाही. ए म्हणजे एक्सचा वर्ग, बी म्हणजे 3 एक्स. मीही तेव्हा दोन्हीकडचा एक्स उडवला, उरलं एक्स आणि 3, आणि बी मोठी म्हणून मोकळी झाले. चूक! एक्स 1 असेल तर 1 आणि 3, बी मोठी. एक्स उणे 1 असेल तर 1 आणि उणे 3, ए मोठी. उत्तर चौथा पर्याय. दोन्ही बाजूंत काहीही मिळवा, वजा करा, हरकत नाही. पण ज्याचं चिन्ह माहीत नाही त्याने भागू नका, गुणूही नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहायला लावते.

संख्या घालून बघताना 2 आणि 3 वर थांबू नका. शून्य, 1, उणे 1, अर्धा, उणे अर्धा, मग एखादी मोठी संख्या, यांतल्या अटीत बसतील तेवढ्या याच क्रमाने घाला. 'पूर्णांक' असं लिहिलेलं नसेल तर एक्स अपूर्णांक असू शकतो. हे विसरल्यामुळे हुशार मुलंही फसतात. दोन संख्यांनी दोन वेगळे निकाल दिले की चौथा पर्याय निवडून लगेच पुढे जा, तिसरी संख्या घालत बसू नका. सगळीकडे एकच निकाल आला तर मात्र ती सिद्धता नव्हे. मग बीजगणिताने खात्री करा.

दोन्ही राशींत नुसत्या ठरावीक संख्या असतील, चल नसेलच, तर चौथा पर्याय उत्तर असूच शकत नाही. घाईत तो निवडणारे मी दर बॅचला बघते. भूमितीची आकृतीही डोळ्यांनी मोजू नका, ती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही. आलेख आणि निर्देशक प्रतलावरच्या आकृत्या मात्र प्रमाणात असतात.

अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नात सगळी बरोबर हवीत, अर्धे गुण नाहीत. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वर्गमूळ आणि किचकट भागाकारापुरताच.

सराव टेबलावर, कागद-पेन घेऊन, घड्याळ लावून करा. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने फोनवर क्यूसी सोडवले की मुलं संख्या मनातच घालतात आणि उणे चिन्हं गाळतात. प्रवासात सूत्रं वाचा. पॉवरप्रेपच्या, म्हणजे जीआरईच्या अधिकृत सराव संचाच्या, दोन मोफत चाचण्या सुरुवातीला वाया घालवू नका. शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा आणि चुकलेला प्रत्येक क्यूसी दुसऱ्या दिवशी उत्तर न बघता पुन्हा सोडवा.