हँडगन घेण्याआधी ती हातात घेऊन नक्की काय काय बघायचं

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी दिसणं बघतात, मग कंपनीचं नाव, मग हातात धरून दोन-तीनदा ट्रिगर दाबतात आणि "एकदम मस्त आहे" म्हणून पैसे मोजतात. पण या तिन्हीवरून ते ऐनवेळी चालणार की अडकणार हे कळत नाही, ते कळतं चार-पाच अगदी बारीक जागांवरून, ज्यांच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि त्यानंतर प्रत्यक्ष गोळ्या झाडून. परवाना वगैरे कायद्याचं सगळं तुमच्याकडे नीट आहे असं धरून पुढचं लिहितोय, ते नसेल तर हा विषय सुरूच होत नाही.

हातात घेतल्या घेतल्या पहिलं काम म्हणजे रिकामं आहे का ते बघणं, आणि यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून अडकवायची. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून सोडली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, चढलेली असते आणि तुमच्या डोक्यात मात्र "मी तर रिकामं केलं" असं पक्कं बसलेलं असतं. चेंबरमध्ये डोळ्याने बघा, करंगळी घालूनही बघा. समोरच्याने आत्ता तुमच्यासमोर रिकामं करून दिलं असलं तरी तुम्ही परत बघायचं, यात कुणाचा अपमान होत नाही. नळी कायम सुरक्षित दिशेला, आणि रिकामा ट्रिगर दाबायचा असेल तर आधी विचारून. .22 च्या रिमफायरवर (ज्यात ठोका गोळीच्या बुडाच्या कडेवर बसतो) तर तो शक्यतो दाबूच नका, त्यात फायरिंग पिन, म्हणजे ठोका मारणारी सुई, चेंबरच्या कडेवर आदळून कड खराब होऊ शकते. डमी राउंड (दारू नसलेल्या नकली गोळ्या) सोबत असतील तर उत्तमच.

बाहेरचं बघणं पटकन उरका. होल्स्टरमध्ये घासून कडेचा काळा रंग उडालाय, याने काही बिघडत नाही, उलट अशी सेकंडहँड वस्तू कधीकधी स्वस्तात मिळते आणि आतून झकास असते. बघायचं ते गंजाने पडलेले खड्डे, चिरा, आणि स्क्रूच्या खाचा. खाचा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर समजायचं की कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडलंय, आणि ज्याला स्क्रूड्रायव्हर नीट निवडता आला नाही त्याने आत काय उद्योग केले असतील देव जाणे. सीरियल नंबर घासलेला किंवा बदललेला दिसला तर खाली ठेवा आणि निघा, त्यावर बोलणीसुद्धा नकोत. स्वस्तातलं अनोळखी पिस्तूल असेल तर स्लाइडला छोटं लोहचुंबक लावून बघा. काही स्वस्त पिस्तुलांची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, तिला चुंबक चिकटत नाही, आणि असली स्लाइड फार काळ टिकायची नाही. ही परीक्षा फक्त स्लाइडची बरं का, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची किंवा पॉलिमरची असणं हा दोष नाही, कितीतरी चांगली पिस्तुलं तशीच येतात.

आता खुळखुळण्याबद्दल. पिस्तूल कानाशी हलवलं आणि स्लाइड थोडी खुळखुळली की लोक म्हणतात सैल झालंय, घेऊ नका. हे अर्धवट आहे. लष्करी वापराच्या पिस्तुलात स्लाइड आणि फ्रेममध्ये थोडी फट मुद्दाम ठेवतात, म्हणजे धूळ-चिखल गेला तरी ते चालत राहावं. जिथे फट चालत नाही ती जागा म्हणजे नळी. स्लाइड पूर्ण बंद असताना, झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच बाहेर पडतं त्या खिडकीतून नळीचा मागचा भाग दिसतो, त्यावर अंगठ्याने जोर देऊन खाली दाबा. जागची हलता कामा नये. दाबल्यावर खाली बसली आणि सोडल्यावर वर आली तर लॉकअप, म्हणजे नळी आणि स्लाइडची एकमेकांतली पकड, झिजलेलं आहे, आणि त्याचा थेट फटका नेमाला बसतो.

नळी आतून बघायला टॉर्च पाहिजे, नाहीतर स्लाइड उघडी ठेवून चेंबरपाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा, उजेड परावर्तित होऊन आत जातो. आधी कापडाचा बोळा एकदा फिरवून घ्या, नाहीतर मळ आणि खड्डा यातला फरक कळत नाही. पीळ, म्हणजे नळीतल्या फिरत्या खाचा, स्पष्ट आणि धारदार दिसले पाहिजेत. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, कुठे ठेचलेली नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळीत कुठे काळसर अंगठीसारखी सावली दिसते का ते बघा, नळी हळूहळू फिरवत बघा. ती अंगठी म्हणजे नळी तिथे फुगलेली आहे. कमी दारूची गोळी नळीतच अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली की असं होतं. बाहेरून बोट फिरवलं तर कधी उंचवटा लागतो, कधी काहीच लागत नाही, पण आत ती सावली असतेच. अशी नळी बदलल्याशिवाय घेऊ नका.

खरी विश्वासार्हता राहते ती याच्या पुढच्या तीन जागांत. पहिली फीड रॅम्प, म्हणजे मॅगझिनमधून गोळी चेंबरमध्ये चढते तो उतार. तो गुळगुळीत पाहिजे, त्यावर ओरखडे किंवा घरी घासून आकार बदलल्याच्या खुणा नकोत. दुसरी एक्स्ट्रॅक्टर, कवच ओढून काढणारी आकडी. स्लाइड काढायची परवानगी मिळाली तर त्या आकडीखाली रिकामं कवच किंवा डमी राउंड सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा, आकडीने धरून ठेवलं पाहिजे, लगेच गळून पडलं तर तिचा ताण गेलाय. आणि तिसरी मॅगझिन, जिच्याकडे कुणीच बघत नाही. वरची दोन पानं, ज्यांच्यात गोळी धरलेली असते, ती समांतर आणि न वाकलेली हवीत, स्प्रिंगला दम हवा, आणि रिकामं मॅगझिन सुटल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं (काही मॉडेलमध्ये ते मुद्दामच पडत नाही, तेवढं आधी माहीत करून घ्या). मी एकदा एक सेकंडहँड 9 मिमी घेतलं, तीन मॅगझिनसकट, सगळं तपासून घेतलं पण मॅगझिन नुसती मोजून घेतली. दर काही गोळ्यांनी गोळी नाक वर करून अडकायची. मी एक्स्ट्रॅक्टर बदलला, स्प्रिंग बदलली, नाही नाही ते केलं, आणि महिनाभराने मॅगझिनच्या तळाला मार्करने 1, 2, 3 लिहिलं तेव्हा कळलं की अडकतं ते फक्त 3 नंबरवर. एक पान केसभर बाहेर वाकलेलं होतं, बस एवढंच. तेव्हापासून मॅगझिन हातात आलं की पहिला नंबर टाकतो.

आता रिकाम्यावर करायच्या परीक्षा. ट्रिगर दाबा आणि दाबूनच धरा, तसंच स्लाइड मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळूहळू सोडा, टक्कन रिसेट (ट्रिगर पुन्हा तयार झाल्याचा ठोका) जाणवला पाहिजे, आणि परत दाबल्यावर सुटला पाहिजे. स्लाइड पुढे येताना हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आदळणारा मागचा हातोडा, तिच्यामागोमाग खाली आला तर ते पिस्तूल धोकादायक आहे, तिथेच थांबा. हाताने लावायची सेफ्टी असेल तर हॅमर चढवून सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. हॅमर पडता कामा नये. 1911 पद्धतीच्या (कोल्टच्या त्या जुन्या लष्करी मॉडेलसारख्या) पिस्तुलात पुढची पायरी पण आहे, सेफ्टी काढल्यावर पिस्तूल कानाजवळ न्या, नळी अर्थात सुरक्षित दिशेलाच, आणि हॅमर अंगठ्याने जरासा मागे ओढा. काहीच आवाज आला नाही तर उत्तम. बारीक "टिक" ऐकू आलं तर सेफ्टी लावलेली असताना आतला सिअर, म्हणजे हॅमर अडवून धरणारा भाग, जागचा थोडा सरकला होता आणि आत्ता परत बसला, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. स्प्रिंग बघायची तर पिस्तूल तिरकं वर धरून स्लाइड थोडीशी मागे ओढा आणि झटका न देता हळू पुढे जाऊ द्या, शेवटपर्यंत आपोआप बंद झाली पाहिजे.

पेन्सिलची परीक्षा मला फार आवडते. चेंबर रिकामं आहे हे परत एकदा बघून, मागे रबर असलेली पेन्सिल रबराची बाजू आत करून नळीत सोडायची, नळी सरळ वर धरायची आणि ट्रिगर दाबायचा. फायरिंग पिनला जोर असेल तर पेन्सिल टुणकन नळीबाहेर उडते. जेमतेम हलली तर प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, हलका ठोका बसणार आणि गोळी फुस्स होणार. समोरच्याला विचारून करा, आणि पेन्सिलच्या वाटेत तोंड नको.

"अमुक लष्कराने घेतलंय, आता काय बघायचं" हे वाक्य नेहमी ऐकायला मिळतं. लष्करी चाचणीला वजन आहे हे खरंच. अमेरिकन लष्कराच्या 1911 च्या चाचणीत जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनच्या कोल्टने 6,000 गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या आणि तेच निवडलं गेलं. पण 1985 मध्ये अमेरिकन लष्कराने बेरेटा एम9 घेतलं आणि नंतर काही पिस्तुलांच्या स्लाइड तुटून लोक जखमी झाले, त्यानंतर तुटलेली स्लाइड मागे उडून येऊ नये म्हणून डिझाइनमध्ये बदल करावा लागला. 2017 मध्ये सिग सावर पी320 निवडलं गेलं, आणि त्याच वर्षी बाजारातल्या पी320 मधून ते ठराविक कोनात पडल्यास गोळी सुटू शकते हे समोर आलं, कंपनीने ऑगस्टमध्ये अपग्रेड जाहीर केलं. म्हणून मॉडेल कुठलंही असो, कंपनीच्या रिकॉल आणि अपग्रेडच्या यादीत सीरियल नंबर घालून बघा, सेकंडहँडमध्ये तर नक्कीच. पाडून बघायची परीक्षा स्वतः करायला जाऊ नका.

प्रूफ मार्कचंही तसंच. सीआयपीच्या (बंदुकांच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) सदस्य देशांत प्रत्येक हँडगन नेहमीच्या कमाल दाबापेक्षा साधारण 30 टक्के जास्त दाबाच्या गोळीने तपासून मग शिक्का मारतात. त्याचा अर्थ नळी तो दाब सोसते एवढाच, ते अडकणार नाही असं तो शिक्का सांगत नाही.

रिव्हॉल्व्हर "कधी अडकत नाही" म्हणून डोळे झाकून घेणारे पण खूप आहेत, आणि वापरलेल्या रिव्हॉल्व्हरमध्येच फसायला सगळ्यात सोपं. आधी सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) उघडून इजेक्टरच्या, म्हणजे कवचं बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीखाली ब्रश मारा, तिथे न जळलेल्या दारूचे दोन दाणे असले तरी सिलिंडर जड फिरतो आणि आपण उगाच दोष काढतो. मग टायमिंग, म्हणजे प्रत्येक घर वेळेवर नळीसमोर येऊन बसतं का ते. एका हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका ब्रेक लावून धरा आणि हॅमर खूप सावकाश मागे न्या, हॅमर पूर्ण चढायच्या आत सिलिंडर आपल्या खाचेत "खट" करून बसला पाहिजे. एका घरावर नाही, सहाच्या सहा घरांवर. एखादंच घर उशिरा बसत असेल तर त्या घरातली गोळी नळीच्या तोंडाला कडेने घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला ते लागतात. हॅमर चढलेला असताना ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून पुढे ढकला, पडला तर नको. सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, 0.1 ते 0.2 मिलिमीटर छान, 0.25 च्या पुढे गेली तर सोडून द्या. ही फट सिलिंडर मागे ढकलून एकदा आणि पुढे ढकलून एकदा मोजायची, दोन्हीत बराच फरक आला तर सिलिंडर पुढेमागे खेळतोय. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर आतून ज्वाळेने पडलेली रेघ दिसली तर घाबरू नका, ती ठरावीक खोलीनंतर सहसा वाढत नाही. पण नळीच्या मागच्या तोंडाला, फोर्सिंग कोनला, खालच्या बाजूला बारीक चीर असेल तर विषय संपला. मध्यम फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमधून हलक्या वजनाच्या कडक .357 मॅग्नम खूप झाडल्या की ही चीर येते.

हाताला बसणं थोडक्यात सांगतो. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरपर्यंत मनगट न वळवता पोचलं पाहिजे आणि स्लाइड तुम्हाला स्वतःला ओढता आली पाहिजे. हे दोन्ही नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ते तुमच्यासाठी नाही. पकड ढिली राहिली की चांगलं पिस्तूलही अडकतं.

एवढं सगळं पास झालं तरी त्यावर भरवसा अजून ठेवायचा नाही. शक्य असेल तर घेण्याआधी रेंजवर चालवा, नाही जमलं तर तेच मॉडेल भाड्याने चालवून बघा आणि परत करायच्या अटी आधीच लेखी घ्या. किती गोळ्या? लोक 50 झाडून खूश होतात. साधं गणित आहे, एकही अडथळा न येता जितक्या गोळ्या गेल्या त्या आकड्याने 3 ला भागायचं, 95 टक्के खात्रीने अडकण्याचं प्रमाण त्याच्या वर नाही एवढंच म्हणता येतं. म्हणजे 50 वर 6 टक्के, दर 17 गोळ्यांत एक अडकू शकते! 200 वर दीड टक्का, दर 67 ला एक. 500 वर कुठे 0.6 टक्के. म्हणून निदान 200, आणि त्यात जी गोळी तुम्ही प्रत्यक्ष वापरणार तीच बऱ्यापैकी हवी, कारण गोल नाकाच्या गोळ्या बिनबोभाट चढतात आणि हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या) त्याच रॅम्पवर अडकतात. वहीत मॅगझिनचा नंबर, कितवी गोळी, काय झालं ते लिहा. गोळी चढलीच नाही तर मॅगझिन किंवा रॅम्प, कवच खिडकीत उभं अडकलं तर पकड, एक्स्ट्रॅक्टर किंवा कमजोर गोळी, प्रायमरवर नुसता हलका डाग तर फायरिंग पिन किंवा तिची स्प्रिंग. आणि दोष सापडला, दुरुस्त केला, की मोजणी परत 1 पासून, आधीच्या गोळ्या धरायच्या नाहीत.