जुन्या पियानोचा सूर टिकेना, शेवटी पिनब्लॉक नवा केला

सूर लावला की दोन दिवसांत परत उतरायचा, आधी वाटलं तारा गेल्यात, पण पान्याने तार गुंडाळलेली पिन फिरवली तर काही जोरच लागेना, म्हणजे पिनब्लॉकच्या, पिना ज्यात ठोकलेल्या असतात त्या फळीच्या, लाकडाची पकडच गेलेली. सव्वादोनशे तारांचा मिळून 15-20 टन ताण या पिना धरून ठेवतात! मग मेपलच्या थरांची नवी फळी घेतली, लोखंडी प्लेटची भोकं स्कॅन करून तशीच सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) पाडली, पिन 7.15 मिमीची म्हणून भोक जरा लहान ठेवलं. टाकाऊ तुकड्यावर आधी ट्रायल घेतली हे फार बरं झालं, कारण ड्रिल जोरात फिरवल्यावर भोक आतून करपून काचेसारखं गुळगुळीत झालं, त्यात पिन कशी धरणार! स्पीड कमी केला, मधेमधे भुसा काढला, आणि पिन काय घट्ट बसली! ताराही नव्या घातल्या, त्या सुरुवातीला ताणतात म्हणून चारदा ट्यून केला, आता महिनाभर मधला सी हा स्वर जागचा हललेला नाही.