व्हायोलिन शिकवताना आधी गज सांभाळावा

नवशिक्याला पहिल्याच दिवशी धून वाजवायला देण्याचा मोह शिक्षकाने टाळावा आणि सुरुवातीचे काही आठवडे, डाव्या हाताची बोटे तारांवर न ठेवता, केवळ मोकळ्या तारांवर गज (केस ताणून बसवलेली, तारांवर घासायची काठी) ओढण्याचा सराव करून घ्यावा. उजव्या हाताचा अंगठा किंचित वाकलेला, करंगळीचे टोक गजाच्या काठीवर टेकलेले आणि मनगट सैल असावे. गज घोडीला (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी आधाराला) समांतर चालतो की नाही, हे विद्यार्थ्याला आरशात पाहायला लावावे, कारण तिरका झालेला गज घसरत बोटपट्टीकडे (डाव्या हाताची बोटे जिथे तारा दाबतात त्या पट्टीकडे) गेला की आवाज पोकळ होतो आणि घोडीला फार बिलगला की तो करकरतो. गजाच्या केसांना राळ (तारांवर पकड येण्यासाठीचा डिंकासारखा पदार्थ) बेताचीच लावावी.

‘ए’ तार 440 हर्ट्झला मिळवून बाकीच्या तारा शेजारच्या तारेशी पंचमाच्या (सा ते प एवढ्या) अंतराने जुळवाव्यात. हे काम शिक्षकाने विद्यार्थ्याला ऐकवत करावे, आधीच उरकून ठेवू नये. लांबलचक सूचनांपेक्षा स्वतः वाजवून दाखवलेला एक दीर्घ, स्थिर स्वर मला अधिक उपयोगी वाटतो, पण त्यासाठी शिक्षकाचा रोजचा सराव चालू असावा लागतो. विद्यार्थ्याचा खांदा वर चढू लागला, तर वादन तिथेच थांबवून त्याला हात झटकायला सांगावे.