झेब्राफिशच्या भ्रूणांवर ताणाचे प्रयोग करताय? या चुका टाळा

पीएचडीच्या पहिल्या डिसेंबरात मला वाटलं, शोध लागला. टुनिकामायसिन (प्रथिनांची घडी बिघडवून पेशींवर ताण आणणारं औषध) दिलेली भ्रूणं दर वेळी कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्यांच्या, मागे पडत होती. आलेख घेऊन गाईडकडे गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "औषध घालताना डिश किती वेळ बाहेर असते?" असायची, तासभर तरी. पुण्यातली डिसेंबरची सकाळ, खिडकीजवळचं टेबल. कंट्रोलची डिश मात्र २८.५ अंशांना इनक्युबेटरमध्ये उबेत. औषधाच्या नावाखाली मी थंडी मोजत होते.

हीच चूक सगळ्यात जास्त होते. २८.५ अंशांना भ्रूण २४ तासांत जिथवर पोचतं, तिथवर जायला २५ अंशांना जवळजवळ ३० तास लागतात. म्हणून वहीत नुसते तास लिहू नका. सोमाइट (भ्रूणाच्या पाठीलगत ओळीने तयार होणारे खंड) मोजा, अवस्था लिहा. त्यासाठी किमेल आणि सहकाऱ्यांची १९९५ची अवस्थांची मांडणी आजही सगळे वापरतात. औषधाची डिश जितका वेळ बाहेर, तितकाच वेळ कंट्रोलचीही बाहेर. झाकण उघडणं, पाणी बदलणं, डीएमएसओचं (औषध ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचं) प्रमाण, सगळं सारखं.

इनक्युबेटरवर "बटणाला हात लावू नये" अशी चिठ्ठी लावूनही कुणीतरी लावतंच. इटलीचे शास्त्रज्ञ रितोसा यांच्या प्रयोगशाळेत असंच कुणीतरी तापमान वाढवलं, फळमाशीच्या गुणसूत्रांवर वेगळेच फुगवटे दिसले आणि १९६२मध्ये हीट शॉकचा, म्हणजे अचानक उष्णतेला पेशी देतात त्या प्रतिसादाचा, शोध छापून आला. त्यांचं नशीब आपल्याला लाभेल या भरवशावर राहू नये. तापमापक आत ठेवा आणि आकडा रोज टिपा.

दुसरी चूक तापमापकाने पकडता येत नाही. दोन तासांच्या भ्रूणाला हीट शॉक द्यायचा, एचएसपी७०चा (उष्णतेत पेशीला सांभाळणाऱ्या प्रथिनाचा) आरएनए वाढला नाही म्हणून "प्रतिसाद नाही" असं लिहून मोकळं व्हायचं. अहो, त्या वयात त्याची स्वतःची जनुकं जवळपास गप्पच असतात! पहिलं विभाजन पाऊण तासाने होतं, मग दर पंधरा मिनिटांनी एक. तीन तासांच्या सुमाराला हजारएक पेशी होतात, तेव्हा कुठे जनुकं मोठ्या प्रमाणावर जागी होतात. तोवर सगळा कारभार आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर. आरएनए तिचा, प्रथिनंही तिचीच. फळमाशीतही तेच: पेशींची पटलं तयार होण्याआधीच्या भ्रूणाला गरम केलं, तरी ते नवं एचएसपी७० बनवत नाही.

मग ते ताण सोसतं कसं? मला तरी या विषयातला हाच खरा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर नुसत्या क्यूपीसीआरने (आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) मिळत नाही. आईकडून आलेली प्रथिनं बघा. भाषांतराचा, म्हणजे आरएनएवरून प्रथिनं बनवण्याचा, वेग मंदावतो का, ते काम सुरू करून देणाऱ्या ईआयएफ२-अल्फा या प्रथिनावर फॉस्फेट चढतो का, ते बघा. क्यूपीसीआर करायचंच असेल, तर आरएनएच्या शेपटीला धरून त्याची प्रत काढणाऱ्या ऑलिगो-डीटीवर विसंबू नका. या काळात आईच्या आरएनएच्या शेपट्या लांबतात. रेणू तेवढेच असतात, पण लांब शेपटीचे जास्त पकडले जातात आणि जनुक चालू झाल्याचा भास होतो. शेपटीऐवजी आरएनएवर कुठेही चिकटणारे रँडम हेक्झामर घ्या. अ‍ॅक्टिनच्या जनुकाला डोळे मिटून तुलनेचा संदर्भ धरू नका. तोही या तासांत स्थिर नसतो.

घाईत निष्कर्ष काढणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. विभाजनाच्या पंधरा मिनिटांच्या चक्रात थांबून डागडुजी करायला फुरसत कुठली? बेडकाच्या कोवळ्या भ्रूणाला किरणोत्सर्ग दिला, तरी ते विभागत राहतं आणि नंतर, पेशींचे थर मांडले जातात त्या गॅस्ट्रुलेशनच्या वेळी मरतं. तेव्हा दोन तासांना औषध देऊन चार तासांना "परिणाम नाही" लिहू नका. रात्री थांबा, नाहीतर कुणाला तरी थांबवा.

बाकी किरकोळ, पण छळणारं. प्रत्येक औषध कोरिऑनमधून (भ्रूणाभोवतीच्या कवचातून) सारखं आत जात नाही; प्रोनेज या विकराने तो काढणार असाल, तर कंट्रोलचाही काढा, कारण तो काढणं हाच एक ताण. डिशमध्ये पन्नास-साठहून जास्त भ्रूणं कोंबू नका. पांढरी पडलेली लगेच उचला, एक सडलं की शेजारीही जातात.

एका जोडीची साठ भ्रूणं म्हणजे साठ प्रयोग नव्हेत, एकच. समितीसमोर हे ऐकून घेण्याआधी वेगवेगळ्या जोड्या लावा. माझ्या डिसेंबरच्या त्या आलेखात किती जोड्या होत्या, ते विचारू नका.

आणि सगळ्याच डिशमध्ये, कंट्रोलसकट, मरतूक दिसली, तर औषधाच्या मागे लागण्याआधी टाक्यांचं पाणी तपासा. पुण्यात अनेकदा गुरुवारी पाणी बंद असतं, मग शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं. आरओला (पाणी गाळणाऱ्या यंत्राला) येणारं पाणी त्या दिवशी गढूळ असू शकतं. आमच्याकडे नोंदवहीत तारखेशेजारी वारही लिहितात.