गाडीचा वॉटर पंप: बिघाड ओळखावा कसा, पंप बदलावा कसा

इंदूरहून धुळे-नाशिकच्या बाजूला गाडीने ये-जा करणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला असेल. जाताना सगळे सुरळीत असते. परतताना मात्र खलघाटाला नर्मदा ओलांडून मानपूरकडे घाट चढू लागलो की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागतो आणि माळव्याच्या सपाटीवर आलो की पुन्हा खाली बसतो. माझ्या गाडीला हे झाले तेव्हा एका गॅरेजने रेडिएटर बदलून दिला. दोन महिन्यांनी त्याच चढावर काटा पुन्हा चढला. शेवटी पंप उघडला, तेव्हा आतल्या पंख्याची पाती कडांनी झिजून निम्मी उरलेली दिसली आणि उरलेल्या भागावर गंज आणि पांढरट क्षार यांचा थर होता. दोष पहिल्या दिवसापासून तिथेच होता. म्हणून पंप बदलण्याच्या कृतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, निदानाकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

वॉटर पंपाचे काम सोपे आहे. पट्ट्यावर फिरणारा दांडा आतल्या पंख्याला फिरवतो आणि पंखा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, इंजिनातून रेडिएटरकडे ढकलत राहतो. दांडा बेअरिंगवर फिरतो, आणि कूलंट बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये सील असते. सील, बेअरिंग आणि पंखा यांपैकी काय खराब झाले आहे, त्यानुसार लक्षणे बदलतात.

सर्वांत आधी सील पाहावे, कारण ते बोलके असते. पंपाच्या अंगावर, पुलीच्या मागे, खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते; त्याला वीप होल म्हणतात. सीलमधून झिरपलेले कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च आणि लहान आरसा घेऊन हे छिद्र पाहावे. तिथून खाली ओघळलेली हिरवट किंवा गुलाबी वाळकी रेघ, कडेला साखरेसारखी जमलेली पापडी, असे काही दिसले तर सील जात आहे असे समजावे. गरम इंजिनावर कूलंट लगेच वाळत असल्यामुळे गाडीखाली थेंब दिसत नाही, आणि मालक आठवड्याला अर्धा लिटर पाणी ओतत “गाडी पाणी पिते” एवढेच म्हणत राहतो. खात्री करायची असेल, तर रेडिएटरवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका, बहुतेक गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार, दाब द्यावा. गळती असेल तर काही मिनिटांत थेंब दिसतो.

बेअरिंगची तपासणी हाताने करावी. पट्टा काढून पुली दोन्ही बाजूंनी धरून हलवावी. जराही डगमगली किंवा फिरवताना आत वाळूसारखी खरखर जाणवली, तर पंप बदलावाच लागेल. आवाजावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) यांचीही बेअरिंगे तसाच आवाज करतात. पट्टा काढलेलाच असल्यामुळे प्रत्येक पुली वेगळी फिरवून पाहता येते.

पंखा झिजलेला असेल तर गळतीही नसते आणि आवाजही नसतो, म्हणून हा दोष सर्वांत जास्त फसवतो. काटा केव्हा चढतो, ते इथे बारकाईने पाहावे. गाडी सिग्नलवर उभी असताना चढतो आणि चालू लागल्यावर उतरतो, तर आधी रेडिएटरच्या विजेच्या पंख्याकडे पाहावे. वेगात किंवा चढावर चढतो, तर कूलंटचा प्रवाह अपुरा पडतो आहे; म्हणजे पंप, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा चोंदलेला रेडिएटर. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून पाहावा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, साधारण ८२ ते ८८, तो उघडू लागला पाहिजे. कूलंट पुरेसे आहे, काटा वर आहे आणि तरीही केबिनचा हीटर थंड हवा फेकतो, तर संशय पंपावर पक्का होतो. कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सांधपट्टी, तपासून घ्यावे. पंप बदलून त्याचा उपयोग होणार नाही.

पंप स्वतः बदलण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे: तो कोणत्या पट्ट्यावर फिरतो? मारुतीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांत टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवण्यासाठी, साखळी असते आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर असतो. हे काम एका दुपारचे आहे. रेनॉ डस्टरच्या १.५ लिटर डिझेलसारख्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे टायमिंगचा एक दात जरी चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात, म्हणून ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे आणि पट्टा व टेन्शनरही त्याच वेळी बदलून घ्यावेत.

काम नेहमी थंड इंजिनावर सुरू करावे. इंदूरच्या साडेपाचशे मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण बंद रेडिएटरमध्ये दाबामुळे ते शंभराच्या वर जाऊनही द्रवच राहते. गरम असताना झाकण उघडले की तेच तोंडावर उसळते. बॅटरीची ऋण तार काढावी, परातीत कूलंट उतरवावे. पट्टा ताणलेला असतानाच पुलीचे बोल्ट सैल करावेत, कारण पट्टा काढल्यावर पुली हातात फिरत राहते. पंपाचे बोल्ट अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड छिद्रात आवळल्यास ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकू शकतो.

जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. लोखंडी पात्याने पडलेला ओरखडा म्हणजे पुढची गळती. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून छिद्रे, दांड्याची उंची आणि पंख्याची दिशा ताडून पाहावी. रबरी ओ-रिंग असेल तर तिला थोडे कूलंट लावून बसवावी, सिलिकॉन अजिबात लावू नये. ते सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. एम-६ आकाराच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरते, तरीही आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा. कूलंटने भिजलेला पट्टा परत लावू नये.

आता भरायचे काय, याविषयी मी आग्रही आहे. आपल्याकडे बोअरिंगचे पाणी सहज मिळते आणि तेच रेडिएटरमध्ये जाते. ते जड असते. त्यातले क्षार गरम धातूवर साचतात, सीलच्या गुळगुळीत पृष्ठभागाला घासतात, आणि गंजरोधक नसल्यामुळे धातू खाल्ला जातो. माझ्या जुन्या पंपाची पाती अशीच गेली. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरावे, किंवा तयार मिश्रण घ्यावे.

हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून, सावकाश भरावे. इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे. हात आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, पातळी पाहून कमी असल्यास भरावी. उतरवलेले कूलंट गोडसर आणि विषारी असते. कुत्री आणि गायी ते चाटतात, म्हणून ते नालीत किंवा अंगणात न ओतता झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

नव्या पंपाच्या वीप होलमधून पहिल्या काही दिवसांत एखादा थेंब येऊ शकतो, कारण सील बसायला थोडा वेळ लागतो. आठवड्यानंतर छिद्राखाली पांढरा कागद धरून पाहावा. तो अजूनही ओला होत असेल, तर बिल घेऊन पंप दुकानात परत न्यावा.